बिनदातांचं तरस

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. माझ्या मामाची दोन बोटं गेली, आणि ती कशी गेली ते मी समोर उभं राहून पाहिलंय.

गेल्या महिन्यातली गोष्ट. लिलावाचा दिवस. भर दुपार.

मी लिलावघराच्या प्रयोगशाळेत धातू तपासते. मामा तिथेच शिल्पांना मेण चढवतो. त्या दिवशी आमच्या टेबलावर कांस्याचं तरस होतं. जन्मभर चित्रंच काढणाऱ्या एका चित्रकाराचं एकमेव शिल्प. जबडा उघडा, पण आत दात नाहीत.

"चित्रकारच तो," मामा हसला. "दात रंगवायचे राहिले असतील."

शिल्प खरं असल्याची खात्री हवी होती, म्हणून मी पोटाखालचं बूच काढलं. पोकळ कांस्यात ओतकामाची माती उरते. तिच्यावरून वय कळतं.

आत माती नव्हती.

उबदार हवा आली... थांबली... पुन्हा आली.

मामाचं हसू मावळलं. "बूच लाव गं शास्त्रज्ञबाई. आत्ताच्या आत्ता."

मी वाकले. भोक सापडेना.

जखम भरून यावी तसं ते भरून आलं होतं...

तेवढ्यात आमच्या मॅडम दारात आल्या. "सगळे येऊन बसलेत. उरका लवकर!"

मेण चढवून झालं की मामाचा शेवटचा हात उघड्या तळव्याचा. कापड नाही, हातमोजा नाही. कुठे खरबरीत राहिलं ते कातडीलाच कळतं, असं त्याचं म्हणणं. त्याने पाठ चाचपली. मान चाचपली. जबड्यात बोटं घातली...

कटकन आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तसा.

 मामा जबड्याकडे बघत राहिला. मग रक्ताची चिळकांडी माझ्या चष्म्यावर उडाली. त्याने हात मागे ओढला, तर अख्खं तरस टेबलावरून फरफटत आलं. मी हातोडी उचलली आणि तरसाच्या थोबाडावर घातली. पुन्हा घातली. घालतच राहिले.

हात सुटला तेव्हा दोन बोटं नव्हती.

जमिनीवर नव्हती. जबड्यातही नव्हती...

दातांच्या खुणा पाहून डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा पाळीव होता का?"

मामाला दवाखान्यात सोडून मी परत धावले. तोवर रक्त पुसून तरस विकलंही होतं. घेणारे आजोबा गाडीपाशी उभे होते. त्यांची नात तरसाच्या नाकाला सारखा हात लावत होती. थोबाडावर हातोडीचा एकही पोचा उरला नव्हता. मी जीव तोडून सगळं सांगितलं.

"पोरी, धातू आहे तो," ते हसले.

तुटलेला अवयव नंतरही जाणवतो. मेंदूचा खेळ असतो तो, मी शिकलेय. पण मामाला त्याची बोटं ओली लागतात. उबदार लागतात.

"गिळलं नाही गं अजून," तो म्हणतो. "नुसतं चघळतंय."

मी विषय बदलायचे.

काल चहा पिताना त्याच्या हातून कप सुटला.

"आत आणखी एक बोट आलंय. माझ्या बोटांना लागतंय."

मग अगदी हळू...

"लहान आहे गं."

तेव्हापासून मी आजोबांना फोन लावतेय.

वाजतोय. कुणी उचलत नाही.