कपाटाची एकच किल्ली

हे मी रचलेलं नाही. मला एवढं रचता येत असतं, तर ऑफिसला उशीर झाल्याची कारणं तरी बरी देता आली असती.

आणि आधीच सांगतो. काळोख, वादळ, रडणारं कुत्रं, यातलं काहीही नव्हतं.

रविवार होता. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन. चर्चमध्ये दीडशे माणसं, आणि त्यातली निम्मी चहाची वाट बघत होती.

माझ्या सासऱ्यांची स्मरणसभा. त्यांना पुरून महिना झाला होता.

सासरे कुटुंबवत्सल होते. हे मी म्हणत नाही, त्यांच्या थडग्यावर कोरलंय. मजकूर त्यांनीच लिहून ठेवला होता.

एकोणतीस वर्षं चर्चचे डीकन. डीकन म्हणजे पाळकसाहेबांच्या हाताखालचा सेवक. पण कुणाच्या हाताखाली कोण होतं, ते पाळकसाहेबांनाच विचारा.

वेदीच्या शेजारी भिंतीत एक लाकडी कपाट होतं. आत दोन बटणं. एक माइकचं, एक पंख्यांचं. कपाटासमोर सासऱ्यांचं स्टूल. आधी त्यावर चार घड्या घातलेला रुमाल पसरायचे, मग बसायचे.

सभेत कुणीही बोलायला उभं राहिलं, की त्याला तीन मिनिटं. चौथं लागलं की सासरे उठायचे, किल्ली काढायचे, कपाट उघडायचे...

खट्. माइक बंद.

तरीही गडी बोलतच राहिला तर...

खट्. पंखे फुल्ल. बारा पंखे, सगळे म्हातारे. विमान उडाल्यासारखा आवाज.

एका लग्नात नवरीचा बाप आशीर्वाद देताना असाच कापला गेला. "देव तुम्हाला कधीही..." खट्. ते जोडपं अजून विचारतं, पुढे काय होतं?

पाठीमागे लोक त्यांना 'तीन मिनिटं' म्हणायचे. तोंडावर भाऊ.

घरीही तेच. जेवताना सासूबाईंनी तोंड उघडलं की हे रेडिओ मोठा करायचे. प्रेमाने. "बोलून दमतेस गं तू," म्हणायचे.

बेचाळीस वर्षांचा संसार. आपल्या आईचं एकही वाक्य पूर्ण झालेलं माझ्या बायकोला आठवत नाही.

आणि कपाटाची किल्ली एकच. कायम सासऱ्यांच्या कोटात.

दफनाच्या दिवशी त्यांना तोच कोट घातला. पेटी खाली गेली. माती पडली. प्रार्थना झाली. मग पाळकसाहेब माझ्या कानाशी आले.

"किल्ली?"

आम्ही दोघांनी खड्ड्याकडे बघितलं.

उकरायचं तर अर्ज करावा लागला असता. अर्जात कारण काय लिहिणार?

सुतार दर सोमवारी 'उद्या येतो' म्हणायचा. तोवर माइक चालूच. बंदच करता येईना. पाळकसाहेबांचं प्रवचन एक तास दहा मिनिटांवर गेलं. लोक भाऊंसाठी खरे रडले ते तेव्हा.

स्मरणसभेच्या सकाळी मी सासूबाईंना चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी वाचल्या, घडी केली, परत दिल्या.

"छान आहे, जावईबापू. तुमच्या साहेबांच्या निरोपसमारंभाला वापरा. मी माझं बोलणार."

"बरं, आई."

"आणि संपेपर्यंत बोलणार. एकदाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिने आईचा हा आवाज कधी ऐकला नव्हता.

सभा सुरू झाली. चुलत सासरे सासऱ्यांच्या पँटच्या इस्त्रीवर बारा मिनिटं बोलले. काही झालं नाही.

मग सासूबाई उठल्या.

हातात कागद नव्हता. त्यांनी आधी स्टुलाकडे बघितलं. रिकामं.

"यांचं घरावर फार प्रेम होतं," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"इतकं की घरातून कुणाला बाहेर सोडवत नसे."

लोक कौतुकाने हसले.

"माझी आई वारली, त्या दिवशी..."

बंद कपाटातून आवाज आला.

खट्.

मी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं सोडाच, अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. सासऱ्यांनी आयुष्यात कुणाला अडीच मिनिटं आधी कापलं नव्हतं.

सासूबाई थांबल्या नाहीत. त्यांनी आवाज चढवला.

खट्.

बारा पंखे एकदम सुटले. पडदे उडाले. गीतांचे कागद उडाले. चुलत सासऱ्यांचा टोप उडाला, तोवर तो टोप आहे हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

मी पहिल्या बाकावर होतो. मला तुटक ऐकू आलं.

"...बॅग भरून मी दारात उभी. हे म्हणाले, आज नको, चर्चच्या खिडक्या पुसायच्यात. मी पुसल्या. एकवीस. तिकडे आईला पुरलं. संध्याकाळी हे आले, सगळ्या मोजल्या. म्हणाले, बाविसावी राहिली..."

मागे काहीच पोचत नव्हतं. मागच्यांना दिसत होती वाऱ्यात उभी एक म्हातारी, हलणारे ओठ आणि डोळ्यांत पाणी.

"काय जीव होता हो दोघांचा!" कुणीतरी म्हणालं.

"आमेन!" दीडशे जण.

सासूबाई बोलतच राहिल्या. शेवट मलाही ऐकू आला नाही. त्या बसल्या...

आणि पंखे आपोआप थांबले.

"फ्यूज असेल," पाळकसाहेब म्हणाले.

सुतार चहासाठी आलेलाच होता. महिनाभर 'उद्या' म्हणणारा माणूस. त्याने पटाशी घातली आणि दार उचकटलं.

दोन्ही बटणं बंद केलेली. आणि खालच्या फळीवर...

किल्ली.

तिच्या दातांत ओली माती.

"दुसरी असेल," पाळकसाहेबांचा आवाज फाटला.

"एकच होती," सासूबाई म्हणाल्या. "मीच त्यांच्या खिशात घातली. मुद्दाम. वरून टाकेसुद्धा घातले."

पाळकसाहेब वेदीवरच्या फुलदाणीतलं पाणी प्यायले.

पुढच्या महिन्यात चर्चच्या मासिकात छापून आलं: 'पत्नीने सद्गदित कंठाने पतीच्या प्रेमाच्या आठवणी सांगितल्या.'

सासूबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"ही कोण बाई?"

मग म्हणाल्या, "वर्षाच्या सभेला पुन्हा बोलेन."

ती सभा या रविवारी आहे.

आता डीकन मी आहे. दुसरं कुणी तयारच होईना. कपाटाला आता दारच नाही. दोन्ही बटणांवर मी चिकटपट्टीचे चार-चार थर मारलेत. सभाभर तिथेच बसणार आहे, असं सासूबाईंना वचन दिलंय.

काल दुपारी आम्ही दोघं माइक तपासायला गेलो. चर्चचं कुलूप मीच काढलं. आत कुणी नव्हतं. सासूबाई माइकसमोर उभ्या राहिल्या. मी स्टुलाकडे गेलो...

स्टुलावर रुमाल पसरला होता. चार घड्या.

"जावईबापू, ऐकू येतंय ना?" सासूबाईंनी माइकवरून विचारलं.

मी रुमालाला हात लावला.

कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा... गरम.

"येतंय, आई," मी म्हणालो.

"मग रविवारी आधी खिडक्यांचंच सांगते," त्या म्हणाल्या. "या वेळी बाविसाव्या..."

माझ्या मागे चिकटपट्टी सुटल्याचा आवाज आला. हळूच. एक-एक थर.