बाईंचा पाय

तुम्ही म्हणाल, थापा मारतोय. खुशाल म्हणा. पण पस्तीस वर्षं घोड्यांना नाल ठोकणारा माणूस घोड्याच्या पायाबद्दल खोटं बोलत नाही.

घोडदळाचा तबेला. सकाळचे सात. साहेब वारले, त्याचा चौथा दिवस.

साहेब म्हणजे आमचे कमांडर. सात वर्षांचे असल्यापासून घोड्यावर. कचेरीत बसून नुसत्या टापा ऐकायचे अन् सांगायचे, "बाहेरच्या घोड्याचा पुढचा उजवा पाय दुखतोय, बघ जरा."

आम्हा सगळ्यांना अरे-तुरे. पण त्यांच्या पांढऱ्या घोडीला मात्र अहो-जाहो.

"बाई, पाय द्या."

आम्ही पाठीमागे हसायचो. बाई मुकाट पाय द्यायच्या. मी नाल ठोकायचो अन् एवढा मोठा अधिकारी वाकून स्वतः तो पाय धरायचा. दुसऱ्या कुणाला बाईंनी कधी पाय धरू दिला नाही.

साहेब गेले अन् बाईंच्या मागच्या डाव्या खुरात पू झाला. खूर नुसता तापलेला. आम्ही तिघं जवळ गेलो, तिघांनीही लाथा खाल्ल्या.

घोड्यांचे डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी आठपर्यंत पू काढा. नाहीतर इंजेक्शन देऊन मोकळी करतो तिला. हाल बघवत नाहीत."

मला रडूच आलं. शेवटचा प्रयत्न म्हणून सातला एकटाच गेलो.

आत शिरलो आणि... काहीच ऐकू येईना.

चघळणं नाही. फुरफुरणं नाही. बाकीचे घोडे पार पलीकडच्या भिंतीला चिकटलेले.

बाई उभ्या होत्या. मान ताठ.

"बाई, पाय द्या," मी म्हणालो.

पाय... वर आला.

खूर हातात घेतला. गार. ताप उतरला म्हणून मला केवढं हायसं वाटलं. पू काढला, चामड्याचा तुकडा घातला, वर नाल ठोकली.

शेवटच्या खिळ्याला लक्षात आलं. घोडा पाय देतो तेव्हा निम्मं ओझं आपल्या मांडीवर टाकतो. माझ्या मांडीवर ओझंच नव्हतं.

तो पाय कुणीतरी धरला होता.

कानाशी... टक्, टक्. जिभेचा आवाज. घोड्याला शांत करताना साहेब काढायचे, तोच.

पळायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. काम संपलं की पाय धरणाऱ्याला सांगायचं असतं. तोंडातून निघूनच गेलं,

"झालं साहेब, सोडा."

त्यांनी सोडलं.

नुसता पाय नाही. अख्ख्या बाई... धाडकन कोसळल्या.

आठला डॉक्टर आले. बराच वेळ तपासत बसले.

"ही रात्रीच गेलीय. चारी पाय लाकूड झालेत, वाकत नाहीत." मग त्यांची नजर खुराकडे गेली. "ही नाल कधी ठोकलीस?"

"काल," मी म्हणालो. घोड्याच्या पायाबद्दल तेवढं एकच खोटं.

मी 'सोडा' म्हणालो नसतो, तर साहेबांनी त्यांना कुठवर धरून ठेवलं असतं?

आता काम संपलं की मी 'सोडा' म्हणत नाही, नुसती मान हलवतो. पाय धरणारा वैतागतो. वैतागू दे.