मेणचरबी आणि मशीनचं तेल

"लॉरेटा, दार उघड! ते रिव्हॉल्व्हर घेऊन ये. रोखून नको गं, टॉवेलात गुंडाळून!"

ओरडत होता शेरीफचा डेप्युटी टली. मागे नेमबाजी क्लबचा अध्यक्ष हार्लन आणि खजिनदार कर्टिस. लॉरेटाने अमेरिकेतल्या ओझार्कच्या या डोंगरांत अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलं होतं. दारात पोलीस बघून गळपटणाऱ्यांतली ती नव्हती.

"काल क्लबच्या जुन्या बाजारातून आणलंस ना?" हार्लन म्हणाला. "ते क्लबच्या कपाटातलं आहे. नंबर बघ, जुळेल."

"टेबलावर होतं. डब्यात पैसे टाकले, उचललं. विकणाऱ्याचं नाव कधी कोण लिहितं तिथे?"

"पण घेताना कुणी पाहिलं?" कर्टिस हळूच म्हणाला. "किल्ल्या तिघांकडेच आहेत, मिस लॉरेटा. अध्यक्ष, मी आणि क्लबच्या सचिव म्हणून तुम्ही."

"राजीनामा दे," हार्लन म्हणाला. "आम्ही बोभाटा करणार नाही."

"चोर म्हणवून घेऊन राजीनामा? मेले तरी नाही! या आत."

तिने चुलीवर किटली चढवली. मग टेबलावर घमेलं, मेणचरबीची डबी, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणि ते रिव्हॉल्व्हर मांडलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या घडणीची नवी नक्कल होती ती, बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूवर चालणारी. तिचं गोळ्यांचं चक्र जाम झालं होतं.

"हार्लन, हे शेवटचं कुणी चालवलं?"

"मीच. जुलैत. उकळत्या पाण्याने धुऊन मेणचरबी लावली."

"त्यानंतर?"

"कुणीच नाही. कुलूप होतं."

लॉरेटाने नळी धरून ठेवणारी पाचर ठोकून काढली. चक्र हार्लनला दिलं, नळी कर्टिसला.

"साफ करा. घरी करता तसंच."

टली हसला. "मी काय करू, भांडी घासू?"

"तू बघ."

हार्लनने चक्रावर उकळतं पाणी ओतलं. कर्टिसने नळी कोरड्या फडक्याने पुसली आणि सवयीने तेलाची बाटली उचलली.

"थांब," लॉरेटा म्हणाली. "टली, चक्रातून काय निघतंय?"

"डांबर!"

"काळ्या दारूची काजळी न धुता वर यंत्राचं तेल लावलं की हेच होतं. म्हणजे जुलैनंतर हे कुणीतरी चालवलं. हार्लन आणि मी जन्मभर पाणी आणि चरबीच वापरतो. तेलाने पुसायची नवी पिस्तुलं सोडून वसंतात आमच्याकडे आला तो कर्टिस."

कर्टिसच्या हातातली बाटली खाली आली.

"जुलैतल्या स्पर्धेत माझ्याकडून हरलास. मग हे चोरून नेऊन सराव केलास, जाम करून ठेवलंस आणि बिननावाच्या टेबलावर खपवलंस. गिऱ्हाईक मी निघाले, तेव्हा चोरीही माझ्याच गळ्यात घातलीस. होय की नाही?"

"तुम्ही... तुम्हीच घ्याल असं वाटलं नव्हतं," कर्टिस पुटपुटला.

टलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हार्लनची मान खाली गेली होती. "लॉरेटा, चुकलो मी. माफ कर."

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"माफी माझ्या स्वयंपाकघरात नको. रविवारी स्पर्धेत, सगळ्यांसमोर माग. आणि यादीत पहिलं नाव माझं लिही. याच रिव्हॉल्व्हरने खेळणार आहे मी."

तिने उरलेलं पाणी चक्रावर ओतलं आणि ब्रश हातात घेतला.