यानाला यान टेकलं की

लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबली. दार उघडलं तर समोर एक तरुण, दातांत चिकटपट्टी धरून, भिंतीवर पाटी लावत होता – 'अवकाशयान चालवून पाहा. चहा आमच्याकडून.'

मला जायचं होतं वरच्या मजल्यावर, डोळ्यांच्या दवाखान्यात, भिंगांची पेटी पोचवायला. मी भिंगं तपासते. पदार्थविज्ञान शिकून मिळालेली पहिली नोकरी – दिवसभर काचेतले दोष शोधायचे. मी बटण दाबत राहिले, लिफ्ट हलेना.

"रुसलीये ती," तो म्हणाला. "समजूत पटेपर्यंत उडून घेता का?"

आत पडदे ओढलेली खोली, वायरींचा गुंता, खिडकीच्या गजावर वाळत घातलेला टॉवेल. मी खुर्चीत बसले. संगणकाच्या पडद्यावर काळोख, चांदण्या आणि लांबवर एक स्थानक. बटण दाबलं, इंजिन गरजलं. बटण सोडलं... यान थांबलं.

"हे थांबलं कसं?"

"तुम्ही बटण सोडलंत म्हणून."

"पण तिथे अडवायला हवा कुठेय? इंजिन बंद केलं तरी यान जातच राहणार. आणि आवाज कशातून आला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आजवर सगळे 'मस्त' म्हणून गेले. तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"तक्रार नाही. दोष दाखवला. सवय आहे."

"मग माझ्यातलेही दाखवा... सवडीने."

मी पेटी उचलली आणि जिन्याने वर पळाले. कान तापले होते. भिंग पुसायचं कापड मात्र तिथेच राहिलं. विसरले की ठेवून आले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कापड आणायला म्हणून गेले, ती रोज कामावरून सुटल्यावर जातच राहिले. खेळ दोघा भावंडांचा होता. तो संगणकावर खेळ बांधायचा, त्याची ताई ग्रह-तारे रंगवायची. तो मला 'तपासनीसबाई' म्हणायचा, मी त्याला 'कप्तान'. काम करताना तो एकच चाल गुणगुणायचा, आणि दुसऱ्या ओळीला हमखास घसरायचा. तो दोष मी कधी दाखवला नाही.

हळूहळू खेळातलं खोटं गळत गेलं. यान आपोआप थांबेनासं झालं. आवाज गेला. मग मी स्थानकाला यान जोडण्याचा भाग हाती घेतला आणि तिथेच गाडं अडलं.

"पुढे दिसतंय ना स्थानक? मग नाक तिकडे, आणि जोर!" ताईंनी बटण दाबलं. स्थानक जरा जवळ आलं, मग यान वर वर उचललं गेलं आणि स्थानक पुढे निघून गेलं. "हे काय गं? मी जवळ जातेय आणि ते पळतंय!"

"पृथ्वीभोवती फिरताना वेग वाढवला की यान वरच्या कक्षेत जातं, ताई. तिथली फेरी लांबची, म्हणून आपण मागे पडतो. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करायचा. मग यान खाली उतरतं, आतल्या जवळच्या वाटेने जातं आणि पुढे सरकतं."

"गाठायचं म्हणून हळू व्हायचं?" कप्तान माझ्याकडे बघत म्हणाला. "खरंच असं असतं?"

"खरंच."

"विचित्रच आहे," तो म्हणाला, पण नजर काढली नाही.

बाहेरची माणसं खेळायला बोलावली तेव्हा मात्र एकालाही यान जोडता आलं नाही. एक मुलगी तर चहा अर्धा टाकून उठली. सगळे गेल्यावर कप्तान कपाळ चोळत बसला.

"पुढच्या शनिवारी परत माणसं येतील. तेव्हाही अशीच उठली, तर हा भाग काढावा लागेल. नाक तिकडे, बटण दाबा, पोचा."

"म्हणजे खोटं."

"म्हणजे मजा. लोक परीक्षेला बसत नाहीत हो, खेळायला येतात."

"मग माझं इथे काय काम उरलं?"

मी पिशवी उचलली. जिना उतरताना नेमकं कळलं, मला काळजी खऱ्या-खोट्याची नव्हती. तो भाग गेला, की या खोलीत यायला निमित्तच उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंगं तपासताना ताईंचा चेहरा आठवत राहिला. चुकल्यावर त्या रागावल्या नव्हत्या, बावरल्या होत्या. कुठे चुकलं तेच त्यांना कळलं नव्हतं. मला तरी कक्षा कळते ती कशी? आधी कागदावर काढून बघते म्हणून!

संध्याकाळी मी धावतच त्या खोलीत शिरले. "रेघ काढू या! आत्ता आहे तसंच गेलं तर यान कुठे पोचेल, ती फिकट रेघ. बटण दाबलं की रेघही हलेल."

"हे चालतं तुमच्या सत्याला?"

"खोटं कुठेय त्यात? खरंच आहे, फक्त आधी सांगितलेलं."

"आलात परत," तो म्हणाला. रेघेचं बोलणं बाजूलाच राहिलं.

शनिवारी ती चहा टाकून गेलेली मुलगीच पुन्हा आली. तिने सवयीने जोर दिला, रेघ वर सरकली. ती थबकली. मग तिने वेग कमी केला. रेघ खाली आली, वळली, स्थानकाला भिडली. "अय्या!" ती ओरडली, आणि पाठीमागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी बहुतेकांची यानं जोडली गेली. तो भाग राहिला.

आणि माझं काम संपलं. टाळ्या थांबल्यावर हे ध्यानात आलं... जिंकूनही निमित्त गेलंच होतं.

माणसं पांगली. ताई कप विसळायला गेल्या त्या आल्याच नाहीत.

"शेवटचं एकदा तुम्ही तपासा," कप्तान म्हणाला. त्याने खेळात काहीतरी बदलून खुर्ची माझ्याकडे सरकवली, आणि स्वतः खिडकीशी जाऊन वाळलेल्या टॉवेलची घडी घालत बसला.

काळोख. शांतता. मी वेग कमी केला, खाली उतरले, रेघ जुळवली. स्थानक जवळ आलं, अजून जवळ... टेकलं.

टक्!

मी दचकले. आवाज? मग उमगलं – धातूला धातू टेकला, आता तो येणारच! आणि त्या धातूतून, पलीकडून, कुणीतरी गुणगुणत होतं. तीच चाल. दुसऱ्या ओळीला घसरली. मग खाकरणं, आणि त्याचा आवाज –

"तपासनीसबाई, मधे पोकळी असली की काही ऐकू जात नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून इतके दिवस नुसता जवळ येत होतो... हळूहळू. मला तुम्ही आवडता. यात काही दोष असेल तर सांगा."

मी वळले. टॉवेलची घडी इतकी बारीक झाली होती, की तो हातरुमाल वाटत होता.

"दोष आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला.

"धातूतून आलेला आवाज बोदा, दबलेला यायला हवा. तुझा फारच स्पष्ट येतोय."

"तुझा" ऐकून तो उभाच राहिला. "बरं... मग... बदलू?"

"खबरदार! राहू दे असाच."

मी यान सोडवलं आणि लांब न्यायला लागले.

"अगं, कुठे निघालीस?"

"पुन्हा ऐकायचंय मला," मी म्हणाले, आणि बटणावरच्या माझ्या बोटाशेजारी त्याचं बोट येऊन टेकलं. आम्ही वेग कमी केला.