मास्तरांचं वाक्य

पहिली घंटा

मास्तरांच्या मानेला भोक पडून महिना होत आला होता. बायको रोज सकाळी त्यावरची ओली जाळी बदलायची, नाकातल्या नळीवाटे पातळ पेज पोटात सोडायची आणि वर म्हणायची, "अहो, डोळे काय वटारताय? मला काही हौस नाही." गळ्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला, पण काम संपलं नव्हतं. जखम भरली की किरणांचे शेक सुरू होणार होते. तोवर वाट बघायची. गप्प बसून.

गप्प बसण्याचं मास्तरांना काही वाटलं नसतं. प्रॉम्प्टरचा जन्मच कुजबुजण्यात जातो. विंगेत स्टुलावर बसायचं, नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानावर घालायचं. टाळ्या त्याने घ्यायच्या. पण सर्जनने विचारलं होतं, "किती वर्षं ओढताय?" आणि मास्तरांनी उभ्या आयुष्यात एक झुरका घेतला नव्हता. ओढायचा तो दादा. नाटकातला मुख्य नट. प्रवेशाआधी विंगेत, मास्तरांच्या डोक्यावर उभा राहून, धूर खाली सोडत.

तोच दादा भेटायला आला आणि म्हणाला, "सुटलात मास्तर! वहिनींच्या डोक्याची कटकट गेली." मग उठता उठता, "तुमच्या जागी मी कानात वाक्यं सांगणारं यंत्र घेतलंय. खोकत नाही बिचारं."

"मेल्याची जीभ झडो," दार लागल्यावर बायको म्हणाली.

मास्तरांनी जोरात होकारार्थी मान हलवली. टाके ओढले गेले, तरी हलवली.

दुसरी घंटा

दुपारचा प्रयोग. नाकात नळी, गळ्याला आणि तोंडाला मफलर. दारवान म्हणाला, "या मास्तर, या. फक्त आवाज करू नका हं—" आणि त्याने जीभ चावली.

मास्तरांना एकच बघायचं होतं. दादा तोंडघशी पडताना.

स्टूल जागेवरच होतं. ऐन भांडणाच्या प्रवेशात यंत्र बंद पडलं. दादाने कान चाचपला. प्रेक्षागृहात कोणीतरी खाकरलं. त्याच्या बायकोचं काम करणारी नटी पुटपुटली, "बोला की."

मास्तर सुखावून बघत होते. पण ओठांची सवय वाईट. मफलरच्या आत ते आपोआप हलले: मी हे घर सोडणार नाही.

आवाज नव्हताच. दादाची पाठ विंगेकडे होती.

"मी हे घर सोडणार नाही," दादा म्हणाला.

मास्तरांच्या मानेवरची जाळी थंड पडली. त्यांनी पुढचं वाक्य दिलं. दादाने घेतलं. आणखी एक. तेही.

मग मास्तरांनी नाटकात नसलेलं वाक्य दिलं.

तिसरी घंटा

मास्तर : (आवाज नाही) गाठ डाव्या बाजूला आहे.

दादा : गाठ डाव्या बाजूला आहे.

नटी : ...कसली गाठ?

मास्तर : (आवाज नाही) स्वरयंत्र काढावं लागेल.

दादा : स्वरयंत्र काढावं लागेल.

पुढच्या रांगेत कोणीतरी मुसमुसलं. दादाचा हात गळ्याच्या डाव्या बाजूला गेला आणि तिथेच काहीतरी सापडल्यासारखा थांबला. त्याने विंगेकडे वळून पाहिलं. डोळे म्हणत होते, पुरे, मास्तर. हात जोडतो.

मास्तरांनी अजून एक दिलं. आणि अजून एक. प्रत्येक झुरक्याचं.

मन भरल्यावर त्यांनी ओठ मिटले.

दादा बोलतच राहिला.

मास्तरांनी मफलर दोन्ही हातांनी तोंडावर दाबला.

दादा बोलतच होता. पण आवाज दादाचा नव्हता. खालच्या पट्टीतला, कुजबुजीत मुरलेला. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या घेताना तो आवाज थोडा हसला.

मास्तरांनी तो ओळखला.

पडदा

दादा धडपडत विंगेत आला. शिवी द्यायला तोंड उघडलं. नुसती हवा.

मास्तर त्याच्याकडे बघत नव्हते. ते रंगमंचाकडे बघत होते. आपला आवाज परत बोलावायला त्यांनीही तोंड उघडलं होतं.

पडद्याआड, जिथे कोणी उभं नव्हतं, तिथून तो आवाज पुढच्या अंकाची वाक्यं म्हणत होता.

नटी पाणी पिऊन परतली, पदर सारखा केला आणि त्याला उत्तर देऊ लागली.