धाकट्याची स्टील गिटार

त्या दिवशी मी बाहेर पडले ती फक्त तार आणायला. तांब्याची, केसाहून बारीक. मोटारींचं वाइंडिंग करणारा दुकानदार हसला. "बाई, मुंगीची मोटार गुंडाळताय की काय?"

"भावाची गिटार दुरुस्त करतेय," मी म्हटलं.

तीस वर्षं टेलिफोनच्या दुरुस्ती खात्यात काढलीत मी, सोल्डरिंगला हात बसलेला. धाकटा गेल्यावर त्याच्या घरमालकाने एवढी एकच वस्तू माझ्या हातात दिली. जुनी इलेक्ट्रिक स्टील गिटार. मांडीवर आडवी घ्यायची आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची. एके काळी हॉटेलात तो वाजवायला लागला की लोकांचे घास हातातच राहायचे. पुढे बाटलीने त्याला गिळलं. माणूस तर हातचा गेला, निदान त्याचं वाद्य तरी धड करावं, असं वाटलं मला.

पंधरा दिवस ती जेवणाच्या टेबलावर उघडी पडून होती. सगळं दुखणं पिकअपमध्ये होतं. म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारा थरथरल्या की तो ते पकडतो आणि अॅम्प्लिफायरमधून ऐकू येतं. पण वेढे सैल झाले की तो माइकसारखा जवळचं बोलणंही पकडायला लागतो. आमच्या ह्यांनी वाकून "चहा मिळेल का?" म्हटलं, तर अॅम्प्लिफायरच्या खोक्यातून घोगऱ्या आवाजात तेच आलं. आम्ही पोट धरून हसलो.

मी नव्या तारेचे वेढे घट्ट घातले आणि पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला. मेण आत मुरलं की वेढे हलत नाहीत. मग तो बोलणं पकडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कामाला गेले होते. आभाळ दाटून आलेलं, घरभर मेणाचा आणि तापल्या धुळीचा वास. गिटारला अजून तारा लावल्या नव्हत्या. अॅम्प्लिफायर सुरू केला, पिकअपवर वाकून बोलून पाहिलं. काही नाही. चला, जमलं म्हणायचं.

मग खोक्यातून कुणीतरी श्वास घेतला.

"ताई..."

मी वळून खोक्याकडे पाहिलं.

"ताई, दार उघड ना... पाच मिनिटं बसतो फक्त..."

हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते. धाकटा गेला त्या संध्याकाळी, दाराबाहेरून. घरात मी एकटीच होते. पुन्हा पिऊन आला असणार, शेजाऱ्यांपुढे तमाशा नको, म्हणून मी दिवा मालवला आणि तोंडावर हात दाबून बसून राहिले. तीनदा हाक मारली त्याने. मग पावलं जिना उतरत गेली, फार सावकाश. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या खोलीत सापडला. डॉक्टर म्हणाले, छातीत बराच वेळ कळा येत असणार. पोटात दारूचा थेंब नव्हता.

ह्यांना मी सांगितलं, तो आलाच नव्हता. आजवर तेच सांगत आले.

"ताई..."

मी प्लग उपटला. खोका गप्प झाला.

"ताई..."

आवाज आता दाराबाहेरून येत होता.

मी उठले. दार न उघडल्याने काय होतं, ते मला माहीत होतं. कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. रिकामा जिना, खालून येणारा गार वारा.

"ये रे," मी म्हटलं. "चुकलं माझं... ये आत."

कितीतरी वेळ दार उघडं धरून रडत होते. मग छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. दार लावून घेतलं.

तासाभराने हे आले. दारातच थबकले.

"कोण आलंय गं?"

"कुणी नाही."

"मग हे बूट कुणाचे?"

उंबऱ्याबाहेर पुरुषी बुटांची जोडी होती, शेजारी शेजारी नीट लावलेली. टाचेकडून झिजलेले धाकट्याचे ते बूट मी ओळखले. मी वाकून एका बुटात हात घातला.

आतून तो गरम होता.