अठराचे दोन

नवचांदा शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात आल्याबरोबर चित्रलेखा निमसरकारने संगणक खोलीचा एसी बंद केला.

"अहो मॅडम, यंत्रं तापतील!" मुख्य अभियंता गोविलकर म्हणाले.

"तापू द्या. मे महिन्यात हा एसी तुमच्या केबिनमध्ये होता. तेव्हाही तापलीच असतील."

मे महिन्यात पाच दिवस दुपारचं पाणी जवळजवळ क्लोरिनशिवाय सुटलं. गॅस्ट्रोने एकतीस माणसं मेली. सगळी नळाच्या शेवटच्या टोकाच्या गरीब वस्तीतली, म्हणून बातमी चौथ्या पानावर. क्लोरिन सोडणाऱ्या मात्रायंत्राला आकडा देणारे चालक भाऊराव पिंपळशेंडे निलंबित झाले, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. संगणकाची तपासणीही उरकली होती. सकाळी, थंड खोलीत. निष्कर्ष: निर्दोष. उद्या चौकशी समिती बसणार होती, आणि भाऊरावांच्या वकिलाने आणलेली, संगणकाची स्मृती म्हणजे मेमरी तपासणारी चित्रलेखा हा त्यांचा शेवटचा आधार होता.

"ताशी अठरा किलो. सव्वीस वर्षं तेच दाबून राहिलो जी," भाऊराव तिला म्हणाले होते. "पडद्यावरही अठराच होते."

"यंत्राच्या नोंदीत दोन आहेत, भाऊराव."

"मग का माह्या बोटाले भूत लागलं होतं?"

दुपारी तीनला संगणकातली, मात्रायंत्राचा आकडा साठवणारी स्मृतिपट्टी बासष्ट अंशांवर गेली आणि तिचा एक कप्पा चुकू लागला. चित्रलेखाने पट्टी काढून शेजारच्या खाचेत बसवली. चूकही पट्टीबरोबर तिकडे गेली. म्हणजे खाच चांगली, पट्टी नासकी.

"यातून काय सिद्ध होतं?" गोविलकरांनी विचारलं.

"संगणक अठरा कसे लिहितो? सोळा अधिक दोन. दोन्ही कप्प्यांत विजेचा इवलासा भार. उष्णतेने सोळाचा भार गळाला, उरले दोन. ही अंकगळती. पडद्यावरचा आकडा दुसऱ्या पट्टीत राहतो, म्हणून तो शाबूत."

"चालकाने चुकून दोन दाबले नसतील कशावरून?"

"दाबून बघा ना. घाईत अठराचे आठ होतील, एक होईल, एक्क्याऐंशी होतील. दोन कोणत्या बोटाने होतात? माणूस दहाच्या हिशोबात चुकतो, यंत्र दोनच्या. चूक बघितली की चुकणारा कळतो."

चार वाजता तिने मे महिन्याच्या नोंदीतले पाचही दोन त्यांना दाखवले. गोविलकरांनी हे दोनदा विचारून नीट समजून घेतलं. तिला बरं वाटलं. साहेब लोक सहसा ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे यंत्राची नोंद उघडली. पाचही दुपारी आकडा होता आठ.

"पट्टी खराब असेलही," गोविलकर शांतपणे म्हणाले. "पण बाईंच्याच सिद्धांताप्रमाणे आठ ही माणसाची चूक. एक दाबायचा राहिला."

चित्रलेखाने आदल्या दिवशी नोंदीची प्रत काढली नव्हती. मूर्खपणा तिचाच. अध्यक्षांनी पेन उघडलं.

"पाची दिवस तेच बोट चुकते का जी?" मागून भाऊराव म्हणाले. दोघं-तिघं हसले.

"गप्प बसा," अध्यक्ष म्हणाले.

चित्रलेखाने पोलिसांचा पंचनामा मागितला आणि उभ्यानेच वाचला. "पाचव्या दिवशी दुपारी बाराला क्लोरिनची नवी टाकी लावली. आत नऊशे किलो. सहाला पोलिसांनी सील केली तेव्हा काट्यावर आठशे अठ्ठ्याऐंशी उरले होते. सहा तासांत बारा किलो. म्हणजे ताशी दोन. आठ असते तर अठ्ठेचाळीस गेले असते."

"मग नोंदीतला आठ चुकीचा," अध्यक्ष म्हणाले. "हीसुद्धा यंत्राची गळती?"

"नाही साहेब. दोनचे आठ व्हायला एक भार गळावा लागतो आणि दुसरा आपोआप भरावा लागतो. तोही नेमका पाचही नोंदींत. यंत्र असं चुकत नाही. गोविलकर साहेब बरोबर बोलले, हा आठ माणसाचाच आहे." तिने पंचनामा टेबलावर ठेवला. "फक्त काल दुपारी चारला इथे दोन होते, आणि भाऊराव मे महिन्यापासून घरी आहेत. माणसासारखी चूक करायला माणूस लागतो. काल चारनंतर त्या खोलीची किल्ली कोणाकडे होती, तेवढं विचारा."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं नाही. फक्त समोरचा कागद बाजूला सारून नवा घेतला आणि गोविलकरांकडे बघत म्हणाले, "पूर्ण नाव सांगा."